पाणी आहे, चिखल नाही : रतनवाडी ते खिरेश्वर, चार दिवस पायी

पावसाळ्यात सह्याद्री हिरवागार असतो, हे मान्य. पण मला विचाराल तर पावसाळ्यात डोंगर दिसतच नाही. दिसतं ते धुकं, पुढच्याचा रेनकोट आणि त्याच्या बुटाला लागलेला चिखल. माझे लाडके दिवस वेगळे. दिवाळी उरकली, तुळशीची लग्नं लागली की मार्गशीर्ष उजाडेपर्यंतचे पंधरा-वीस दिवस. ओढे अजून वाहत असतात, टाकी भरलेली असतात, आभाळ धुतल्यासारखं असतं आणि वाट कोरडी असते. पाणी आहे, चिखल नाही.

यंदा हे दिवस साधले. आम्ही तिघं होतो : मी, माझा जुना मित्र आणि माझा बावीस वर्षांचा भाचा. बेत असा की भंडारदऱ्याच्या मागच्या रतनवाडीपासून निघायचं, रतनगड बघायचा, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरायचं, तिथून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर चढायचं आणि पलीकडे खिरेश्वरला उतरून एसटी धरायची. पट्टीचे ट्रेकर हे दोन दिवसांत करतात. आम्ही चार दिवस घेतले, आणि पाचवा मिळाला असता तरी घेतला असता.

निघताना तिथी बघितली नव्हती. कार्तिक वद्य एकादशी ते चतुर्दशी हेच ते चार दिवस आहेत, हे पोचल्यावर कळलं.

पहिला दिवस (एकादशी) : रतनवाडी आणि रतनगड

दशमीच्या रात्री आळेफाटा, कोतूळ, राजूर, शेंडी असं करत रतनवाडीत पोचलो तेव्हा गाव झोपलं होतं. सकाळी उठून बाहेर आलो तर जलाशयावर वाफ तरंगत होती. हे विल्सन धरणाचं पाणी, धरण १९२६ साली पुरं झालेलं. पाण्याकडून येणारा वारा थेट कानात शिरत होता. भाच्याच्या घड्याळात ९ अंश दिसत होते. तो म्हणाला, "मामा, पुण्यात याला थंडीची लाट म्हणतात." इथे लोक पाठीला पातळ शाल टाकून दात घासत होते.

आमचा मुक्काम ज्यांच्याकडे होता ते दादा घरी नव्हते. "ते आळंदीला," मावशी म्हणाल्या. "दिंडी गेली की पायी. तेरसेला समाधी, मग येतील." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कार्तिक वद्य त्रयोदशी म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या संजीवन समाधीचा दिवस. या पट्ट्यातली निम्मी प्रौढ पुरुषमंडळी आळंदीच्या वाटेवर होती, आणि मागे बायका, म्हातारी माणसं आणि मळणी उरली होती.

एकादशी म्हणून न्याहारीला भगर आणि दाण्याची आमटी. मी सहज म्हणालो, भगर आम्ही पण खातो, दुकानातून आणतो. मावशींनी घरातून एक टोपली आणून समोर ठेवली. आत बारीक, तपकिरी दाणे. "ही वरई. आमच्याच वावरातली. हिचीच भगर." वरचं टरफल काढायला पूर्वी उखळात कांडायला लागायची, आता गिरणीत नेतात. मी पन्नाशीला आलो. आजवर किती एकादश्या भगर खाल्ली असेल, पण ती कुठल्या उतारावर उगवते हे त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं : घराच्या मागे, गडाच्या पायथ्याला, आता नुसते खुंट उरलेल्या वावरात.

गडाची वाट प्रवरेच्या पात्रातून सुरू होते. प्रवरा इथेच रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि दोन-तीन उड्यांत ओलांडता येते. मग झाडी. जंगलात एके ठिकाणी वाट फुटते : एक कात्राबाईकडे, दुसरी रतनगडावर. आज दुसरी. पुढे लोखंडी शिड्या लागतात, पहाटेच्या दहिवराने त्या ओल्या आणि बर्फासारख्या गार होत्या. हातमोजे न नेल्याचा पश्चात्ताप पहिल्याच पायरीवर झाला. शिड्या संपल्या की गणेश दरवाजा, मग रत्नादेवीची गुहा. रमतगमत तीन तास लागले.

वरचं खरं आकर्षण म्हणजे नेढं. नेढं म्हणजे सुईचं भोक. इथे कातळाला आरपार पडलेलं भोक आहे, आणि त्यात आठ-दहा माणसं आरामात बसतात. पावसाळ्यात याच नेढ्यात मी एकदा अर्धा तास काढला होता. तेव्हा वारा आणि पांढरा अंधार एवढंच अनुभवलं होतं. या वेळी उत्तरेला अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे. त्यांच्या पलीकडे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. दक्षिणेला कात्राबाईचा डोंगर, आजोबा डोंगराचा प्रचंड कडा आणि पार मागे हरिश्चंद्रगडाचा निळा ढिगारा. "तिथे जायचंय आपल्याला? चालत?" भाचा म्हणाला. बोटाने दाखवलं तर वीतभर अंतर होतं.

संध्याकाळी गावातल्या अमृतेश्वराच्या देवळात गेलो. शिलाहार काळातलं हे कोरीव देऊळ. शिलाहार राजा झंझाने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा सांगतात, त्यांतलं हे प्रवरेचं. शेजारच्या पुष्करणीत पाणी काठोकाठ होतं. देवळात चार म्हाताऱ्या आणि एक आजोबा हरिपाठ म्हणत होते. टाळ एकच जोडी, बाकीचे टाळ आळंदीला. आम्ही मागे बसलो. मित्राला हरिपाठ पाठ आहे हे मला तीस वर्षांच्या मैत्रीनंतर कळलं.

*थोडं कामाचं :* अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, सुटे पैसे ठेवा. गुहेत किंवा गडावर मुक्काम करू देतात की नाही, हे गावात विचारूनच ठरवा. उतरताना त्र्यंबक दरवाज्यातून साम्रदच्या बाजूलाही जाता येतं, पण मग गाडी तिकडे हवी. मोबाईलला रेंज असेल असं धरून चालू नका.

दुसरा दिवस (द्वादशी) : कात्राबाई आणि आमचा शहाणपणा

हा दिवस जरा सविस्तर सांगतो, कारण चूक पूर्णपणे आमची होती.

निघताना मावशींनी विचारलं, "वाटाड्या दिऊ का? भाऊ मोकळा हाय." मित्र म्हणाला, "नको, मी आलोय पूर्वी." तो आला होता हे खरंच. अठरा वर्षांपूर्वी. तेही मार्चमध्ये, जेव्हा गवत जळून वाट भांगासारखी उघडी पडलेली असते.

कार्तिकात गवत छातीएवढं असतं. पिकून सोनेरी झालेलं, वारा आला की लाट उठावी तसं झुकणारं, फोटोला अप्रतिम. त्या गवताखाली तीन वाटा असतात, आणि त्यांतल्या दोन गुरांच्या. फाट्यापर्यंत कालचीच वाट होती. तिथून कात्राबाईकडे वळलो, ओढा ओलांडला, चढ लागला, सगळं जमत होतं. मग एका सपाटीवर वाट दोन्हीकडे सारखीच मळलेली दिसली. मित्र आत्मविश्वासाने डावीकडे गेला. अर्धा तास छान चाललो. पुढे वाट कारवीच्या रानात शिरली, बारीक झाली, आणखी बारीक झाली आणि एका डबक्यापाशी येऊन थांबली. गुरांना पाणी प्यायचं होतं, ती प्यायली, परत गेली. त्यांच्या दृष्टीने वाट बरोबरच होती.

कारवीच्या वाळक्या काठ्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की पाठीवरची पिशवी पुढे जाऊ देत नाहीत आणि मागेही येऊ देत नाहीत. मित्र म्हणाला, सरळ वर घुसू, खिंड वरच आहे. मी म्हणालो, मागे फिरू. दहा मिनिटं आम्ही दोन पन्नाशीचे बाप्ये जंगलात भांडलो. भाच्याने शांतपणे फोनमधला नकाशा उघडला. "मामा, पूर्वेकडच्या त्या डोंगराचं नाव माहितीये? घनचक्कर." आहे खरंच त्या नावाचा डोंगर. शेजारी मुडा, पलीकडे गवळदेव. भांडण तिथेच मिटलं.

मागे फिरलो. सपाटीवर येऊन बसलो तेव्हा दीड तास गेला होता आणि पाण्याच्या बाटल्या निम्म्या झाल्या होत्या. तेवढ्यात वरच्या अंगाने कुणीतरी लांब कू घातली. मित्राने उलट घातली. थोड्या वेळाने डोक्यावर गवताचा भारा घेतलेले एक बाबा उतरून आले. भारा उतरवला, आमच्याकडे पाहिलं, माझ्या पायमोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "डबक्याव जाऊन आलाव का?" पायमोज्यांवर कुसळांचा थर चढला होता. नुसत्या कुसळांवरून त्यांनी आमचा मार्ग ओळखला.

बाबांचं वय सत्तरीच्या पुढे. यंदा आळंदीला का नाही गेलात, विचारलं तर म्हणाले, "गुडघं. चढाला चालत्यात, सपाटीला दुखत्यात." ते खिंडीपर्यंत आमच्याबरोबर आले, विनामोबदला, वाटेत विळ्याने गवत बाजूला सारत. मध्येच थांबून त्यांनी एका उंच झाडाकडे बोट केलं. शेंड्यापाशी काटक्यापानांचं गोल घरटं. "शेकरू." शेकरू काही दिसलं नाही, पण आपल्या राज्यप्राण्याचं घर तरी पाहिलं.

खिंडीत कात्राबाईचं छोटंसं ठाणं आहे. शेंदूर लावलेले दगड, वाहिलेल्या बांगड्या, एक गंजलेली घंटा. बाबांनी चप्पल काढून हात जोडले, आम्हीही जोडले. मी पैसे पुढे केले तर घेईनात. शेवटी भाच्याने राजगिऱ्याच्या चिक्कीचं पाकीट दिलं, ते नातवासाठी म्हणून घेतलं. "आता नाकासमोर उतार. फाटा न्हाई," एवढं बोलून ते आल्या वाटेने गेले. भारा खालीच ठेवला होता ना.

खिंडीतून पलीकडचा मुलूख एकदम उघडतो. आदल्या दिवशी वीतभर दिसलेला हरिश्चंद्रगड आता अंगावर आला होता, आणि उजवीकडे आजोबाचा कडा दुपारच्या उन्हात तांबूस झालेला. उताराला कडेकडेने सोनकीची चार-दोन उशिराची फुलं शिल्लक होती. हंगाम संपल्यावर दुकान उघडं ठेवणाऱ्या दुकानदारासारखी.

कुमशेतला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. ज्या घरी उतरलो तिथे अंगणातल्या खळ्यावर नागलीची मळणी चालली होती. आम्हीही हात लावला. आमच्या हात लावण्याने काम वाढलं असावं, पण कुणी तसं म्हटलं नाही. घरातल्या आजीला आमचा पुढचा बेत सांगितला. ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "पर पाचनईला गाडीनं जाता येतं की. मग चालताव कशाला?" तिघांपैकी कुणालाही धड उत्तर देता आलं नाही.

जेवण : नागलीची गरम भाकरी, उडदाची काळी आमटी, खुरासणीची चटणी, कच्चा कांदा. बारस होती, कालचा उपास सुटलेला, त्यामुळे आजीने शेवटी गूळभात वाढला. चुलीला पाठ करून बसलो होतो. मी भाकऱ्या मोजणं चौथीनंतर सोडलं.

*थोडं कामाचं :* वाटाड्या घ्या. डिसेंबर संपेपर्यंत, गवत उभं असताना, कात्राबाईसाठी तर घ्याच. त्यात कमीपणा काही नाही. पायमोजे गुडघ्यापर्यंत नकोत आणि लोकरीचे तर मुळीच नकोत, कुसळं त्यांनाच आधी धरतात. पायघोळ, गुळगुळीत कापडाची पँट बरी. रतनवाडी ते कुमशेत न चुकता सहा-सात तास. माणशी तीन लिटर पाणी घ्या. आम्हाला ओढा वाहता मिळाला, पण हे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. जेवणाचे पैसे सांगतील तेवढे द्या, घासाघीस करू नका.

तिसरा दिवस (त्रयोदशी) : पाचनई, हरिश्चंद्रगड

या दिवशी धडा शिकून कुमशेतचा एक तरुण बरोबर घेतला, आणि म्हणून सांगण्यासारखं काही घडलं नाही. मुळा नदीचं खोरं ओलांडलं, पेठेची वाडी लागली, कापलेल्या भाताच्या खाचरांतून बांधाबांधाने चालत चार-साडेचार तासांत पाचनई. तिथे चहा, पोहे, बुटातले खडे. पाचनईहून गडाची वाट सोपी आहे. अवघड जागी रेलिंग लावलेलं आहे, आणि कड्याच्या पोटातून जाताना डावी-उजवी दोन्हीकडे बघायला मिळतं. आठवड्याच्या मधला दिवस असल्यामुळे वाटेवर आम्ही आणि दोन वासरं. शनिवारी-रविवारी इथे रांग लागते, हे पाचनईच्या चहावाल्याने अभिमानाने आणि थोडं वैतागून सांगितलं.

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. आधी केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढ्या पाण्यात भलं मोठं शिवलिंग, भोवती चार खांब होते, त्यांतला एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की संपलं, असं सांगतात. टपरीवाल्या काकांनी आम्हाला भरीला घातलं : "हे पाणी हिवाळ्यात कोमट असतंय, उतरा बिनधास्त." भाचा उतरला. त्याने प्रदक्षिणा घातली, पण इतक्या वेगाने की मला ती नीट दिसली नाही. बाहेर आल्यावर दोन मिनिटं त्याला बोलता येईना. काका म्हणाले, "कालच्यापेक्षा कोमटच हाय."

देवळाच्या परिसरातल्या शिलालेखांपाशी मित्र रेंगाळला होता. त्यांत चांगदेवांचं नाव येतं. या गडावर चांगदेवांनी तप केलं, आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच लिहिला. ग्रंथातच हरिश्चंद्र पर्वताचं आणि मंगळगंगेचं नाव आहे, काळ दिला आहे शके १२३४, महिना मार्गशीर्ष. म्हणजे इसवी सन १३१२. माउलींनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली. मी मनात हिशेब केला : सोळा वर्षं. आणि मार्गशीर्ष उजाडायला आम्हाला अजून दोन दिवस होते.

"आज तेरस," मित्र म्हणाला. बाकी काही बोलला नाही, पण मला समजलं. कोरं पत्र पाठवणारे चांगदेव, ते बघून 'एवढं जगून कोराच राहिला' म्हणणारी मुक्ताई, आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिणारे ज्ञानेश्वर, ही गोष्ट मराठी पोराला शाळेतच कळते. पण त्या पत्राच्या एका टोकाचा डोंगर आपल्या पायाखाली आहे, दुसऱ्या टोकाला या क्षणी लाखभर लोक टाळ वाजवताहेत, आणि आपल्याला भाकऱ्या वाढणाऱ्या घरांतले पुरुष त्यांत उभे आहेत, हे एकाच वेळी जाणवलं तेव्हा मी जरा वेळ पायरीवर बसून राहिलो. भाचा कुडकुडत जवळ येऊन बसला. त्याला गोष्ट माहीत होती, 'तत्त्वसार' माहीत नव्हता. मला तरी कुठे होता? मित्राने सांगितला म्हणून.

सूर्य बुडताना कोकणकड्यावर. हा कडा सरळ तुटलेला नाही, आत वळलेला आहे, अर्ध्या वाटीसारखा. पोटावर पडून, सरपटत, डोकं तेवढं पुढे काढून बघायचं. खाली दूर बेलपाड्याची घरं काड्यापेट्यांएवढी. पावसाळ्यात कधी इथे ढगावर आपली सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. हिवाळ्यात ते नाही. त्याऐवजी कोकण दिसतं. डोंगरामागे डोंगर, फिकट होत जाणारे, आणि सगळ्यांच्या मागे लाल बिंब.

ऊन गेल्या क्षणी थंडी आली. हळूहळू नाही, दार उघडून कुणी आत यावं तशी. अमावास्या जवळ असल्याने चंद्राचा पत्ता नव्हता. पिठलं-भाकरी खाऊन बाहेर आलो तर डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका आणि पूर्वेला तारामती शिखराच्या खांद्यावरून वर येणारा मृग. खाली कोकणात गावोगावचे दिवे. वर-खाली सारखंच. रात्री तंबूत भाच्याच्या घड्याळाने ६ अंश दाखवले. मी दोन्ही स्वेटर, मफलर आणि उद्याचे कपडे आजच घालून झोपलो.

*थोडं कामाचं :* झोपायची पिशवी पातळ नेऊ नका, खालून येणारी थंडी वरच्यापेक्षा वाईट, त्यामुळे जाड मॅट हवीच. कड्याजवळ अंधारात जाऊ नका. टपऱ्यांवर जेवण मिळतं, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी आधी कळवलेलं बरं, नाहीतर काका खाली गेलेले असतात. प्लॅस्टिक परत आणा. सप्ततीर्थ पुष्करणीत हातपाय, भांडी काही धुऊ नका.

चौथा दिवस (चतुर्दशी) : टोलार खिंड, खिरेश्वर

पहाटे तारामतीवर जायचं ठरलं होतं. एकटा भाचा गेला. १४२९ मीटरवरून सूर्योदय कसा दिसतो ते त्याने येऊन सांगितलं, आम्ही चहा पीत ऐकलं.

उतरताना बालेकिल्ल्याला वळसा घालणारी वाट लांबलचक आहे आणि गुडघ्यांना आवडत नाही. बाबांचं 'चढाला चालत्यात' इथे आठवत राहिलं. टोलार खिंडीत वाघाचं शिल्प आहे, झिजलेलं, तरी ऐट कायम. खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ पाहिलं. झंझाच्या त्या बारांपैकी हेही एक म्हणतात. म्हणजे गडावरचं हरिश्चंद्रेश्वर धरून चार दिवसांत तीन झाली.

खुबी फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. आळेफाट्याकडून आलेल्या जीपमधून पाच-सहा वारकरी उतरले. पांढरे कपडे धुळीने भुरे झालेले, गळ्यात टाळ. त्यांतल्या एका काकांनी आमच्या पाठपिशव्यांकडे बघून विचारलं, "कुठनं आला?"

"हरिश्चंद्रगडावरून. चांगदेवांकडून," मित्र म्हणाला.

काका हसले. "आमी माउलींकडनं." त्यांनी कागदाच्या पुडीतून चुरमुरे आणि खडीसाखर आमच्या हातांवर ठेवली.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. आळेफाटा येईपर्यंत मी पायमोज्यांतली कुसळं उपटत होतो. परवा धुतलेल्या मोज्यातून अजून एक निघालं.